मूळ जिभेतून

हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९८२ साली ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. अनुवादक फ्रान्सिस वुडमन क्लीव्ह्ज. पुस्तकाच्या नावाखाली एक लांबलचक उपशीर्षक आहे आणि माझं वाचन तिथेच अडलं. मूळ भाषेतून पहिल्यांदाच इंग्रजीत उतरवलेला आणि सविस्तर भाष्य जोडलेला ग्रंथ, असा त्याचा आशय. त्याच्या जोडीला: खंड पहिला, अनुवाद. ‘भाषा’ या अर्थी तिथे जो इंग्रजी शब्द आहे त्याचा पहिला अर्थ ‘जीभ’. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या नावाच्या पानावरही तोच शब्द आहे आणि तो तिथूनच घेतला हे उघड दिसतं. एका परीने हे पान म्हणजेच क्लीव्ह्ज यांचं चरित्र. जुना शब्द जाणूनबुजून निवडणारा, मूळ जिभेपाशी पोचल्याशिवाय तोंड न उघडणारा आणि भाष्याचं वचन देणारा माणूस. ते वचन कसं फिटलं, हे शेवटी पाहू.

आधी ती जीभ. चंगीझ खान १२२७ मध्ये वारला. त्यानंतर कधीतरी, केरुलेन नदीच्या काठी मोठी सभा भरलेली असताना, मंगोलांनी आपल्या घराण्याची कहाणी लिहून पुरी केली. ग्रंथाच्या शेवटी सालाची खूण ‘उंदराचं वर्ष’ एवढीच. बारा प्राण्यांचं ते चक्र बारा वर्षांनी पुन्हा उंदरावर येतं. त्यामुळे १२२८, १२४०, १२५२, १२६४ अशा प्रत्येक उंदराची बाजू घेणारा कोणी ना कोणी अभ्यासक निघालाच. मूळ प्रत उइगुर वळणाच्या उभ्या मंगोल लिपीत असावी. ती हरवली. १३६८ मध्ये मंगोलांची सत्ता चीनमधून उखडली गेली आणि मिंग घराणं आलं. नव्या दरबाराला मंगोल बोलणारे दुभाषे हवे होते. दुभाष्यांना शिकवायचं तर पाठ्यपुस्तक हवं. मग त्यांनी हा अख्खा ग्रंथ चिनी चिन्हांत उतरवला. त्याचा अनुवाद करून ते थांबले नाहीत, मंगोल शब्दांचे उच्चारच जवळच्या चिनी उच्चारांच्या चिन्हांनी लिहून काढले.

मंगोल नाव आहे ‘मोंगोलून न्यूचा तोबचाआन’. चिनी चिन्हांत ते साधारण ‘मांग-ह्वो-लुन न्यू-छा थ्वो-पु-छा-आन’ असं वाचलं जातं. उभ्या ओळीत ठळक चिन्हं म्हणजे आवाज. प्रत्येक शब्दाच्या उजवीकडे बारीक अक्षरात त्याचा चिनी अर्थ. एक परिच्छेद संपला की खाली त्याचा चिनी सारांश. असे २८२ परिच्छेद. चिनीत मंगोलांसारखा थरथरता ‘र’ नाही, म्हणून लेखनिकांनी ‘ल’चं चिन्ह घेतलं आणि त्याच्या बाजूला इवलंसं ‘जीभ’ हे चिन्ह ठेवलं. वाचणाऱ्याने समजायचं: इथे जीभ थरकव, हा ‘ल’ नव्हे, ‘र’ आहे. घशातून येणाऱ्या वर्णांसाठी तसंच बारीक ‘मध्य’ हे चिन्ह. ‘र’ आणि ‘ल’ यांत भेद मानू नये असा संकेत आपल्याकडच्या पंडितांनी श्लेषापुरता सोयीने वापरला. तिकडे मात्र त्या एका भेदाच्या काळजीपोटी एक भाषा वाचली.

मराठी वाचकाला यात अगदीच परकं वाटू नये. याच तेराव्या शतकात आपल्याकडे लीळाचरित्र घडलं. तेही आठवणींतून, छोट्या छोट्या सुट्या प्रसंगांतून, बोलल्या वाक्यांच्या लयीत. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. आपलं बोलणं दुसऱ्याच अक्षरांच्या आड राहून टिकतं, हा अनुभव आपल्या वाङ्मयालाही आहे. फरक असा की महानुभावांनी ती आड स्वतः घातली. मंगोलांचं बोलणं जपलं त्यांना हुसकावून लावणाऱ्यांनी, तेही धड्याचा उतारा म्हणून.

क्लीव्ह्ज या आडोशापाशी पोचले ते सरळ रस्त्याने नाही. जन्म १९११, बॉस्टन. डार्टमथ कॉलेजात त्यांनी ग्रीक-लॅटिन केलं. हार्वर्डला ते तुलनात्मक भाषाशास्त्रासाठी आले आणि तिथून पूर्व आशियाच्या भाषांकडे वळले. १९३०च्या दशकाच्या मध्यावर पॅरिसला जाऊन पॉल पेलिओ यांच्यापाशी बसले. पेलिओ म्हणजे मध्य आशियाच्या भाषांचे त्या काळातले सर्वांत धाकदायक जाणकार. तिथून बीजिंग. बीजिंगला आंत्वान मोस्तार्त हे बेल्जियन मिशनरी होते. त्यांनी १९०६ ते १९२५ अशी जवळजवळ वीस वर्षं ओर्दोसच्या मंगोलांत काढली होती आणि त्या बोलीचा तीन खंडांचा कोश ते रचत होते. पेलिओंनी कागद वाचायला शिकवलं असेल, तर मोस्तार्त यांच्याकडे त्या कागदातला आवाज जिवंत होता. गुरू निवडताना क्लीव्ह्ज यांनी कागद आणि कान दोन्ही घेतले. पुढचं सगळं काम या दोन गुरूंच्या मधोमध उभं आहे.

१९४२ मध्ये हार्वर्डला त्यांनी जो डॉक्टरेटचा प्रबंध दिला त्याचा विषय एक दगड आहे. १३६२ साली चीनच्या वायव्येकडे, आजच्या गान्सू प्रांतात, एका उइगुर घराण्यातल्या राजपुत्राच्या स्मरणार्थ उभारलेला द्विभाषिक शिलालेख: एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला मंगोल. राजपुत्राचं नाव ‘हिंदू’. भारतीय वाचक इथे दचकतो. मंगोल सत्तेच्या काळातल्या मध्य आशियात आपल्या देशाचं नाव असं माणसाचं नाव होऊन फिरत होतं. १९४९ मध्ये या शिलालेखावरचा त्यांचा लेख ‘हार्वर्ड जर्नल ऑफ एशियाटिक स्टडीज’मध्ये आला तो शंभरावर पानांचा. एक दगड, शंभर पानं. आधी पाठ, मग लिप्यंतर, मग अनुवाद, मग टीपा आणि त्या टीपांच्या पोटात आणखी टीपा. चिनी मजकुरातून मंगोल मजकूर करताना कुठला शब्द ताणला गेला, कुठे मंगोल लेखनिकाने चिनी कल्पना आपल्या शब्दांत बसवली, हे ते शिवणीचा धागा उसवून पाहावा तसं दाखवतात.

१९५४ साली त्यांनी १३१२ चं एक छापील मंगोल पुस्तक अभ्यासलं. तुर्फानच्या वाळूत सापडलेले त्याचे तुकडे म्हणजे शांतिदेवाच्या ‘बोधिचर्यावतारा’वरची टीका, भिक्षू चोस्गी ओदसिर याची. संस्कृतात जन्मलेला करुणेचा विचार तिबेटीतून मंगोलात आला, लाकडी ठशांनी कागदावर उमटला, वाळूत पडला आणि सहा शतकांनी बॉस्टनजवळच्या एका टेबलावर अक्षर-अक्षर जुळवला गेला. १९६२ मध्ये मोस्तार्त आणि क्लीव्ह्ज या गुरुशिष्यांनी मिळून इराणच्या मंगोल खानांची फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याला लिहिलेली दोन पत्रं प्रसिद्ध केली, एक १२८९ चं अर्घूनचं, दुसरं १३०५ चं ओल्जेइतूचं. लांब कागदाची गुंडाळी, उभ्या मंगोल ओळी, वर चौकोनी लाल शिक्का आणि शिक्क्यात चिनी अक्षरं. अर्घून लिहितो की दमास्कसपुढे भेटू, इजिप्तच्या सुलतानाला मिळून हरवू आणि जेरुसलेम तुम्हाला देऊ. दोन सत्तांचा मनसुबा आहे हा. गुरुशिष्यांचं लक्ष मात्र क्रियापदाच्या प्रत्ययावर आहे. आज्ञा आहे की विनंती, हे त्या प्रत्ययावर ठरतं आणि त्यावरून खान राजाला बरोबरीचा मानतो की चाकर, तेही.

आता मुख्य ग्रंथाकडे. मंगोल वाक्याची घडण मराठी कानाला ओळखीची आहे. क्रियापद शेवटी येतं. नामामागे प्रत्यय आणि शब्दयोगी लागतात. एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी ‘येऊन, उतरून, बसून, पाहून’ अशा माळेत ओवल्या जातात आणि गाठ शेवटच्या क्रियापदाला पडते. कर्ता कळत असेल तर सांगत नाहीत. ‘त्याचा’, ‘तिला’ हे समजून घ्यायचं असतं. सगळ्यांत गंमत बोलण्याची. कुणाचं बोलणं संपलं की मंगोल कथनकार ‘केएजू’ म्हणतो. ‘केए’ म्हणजे म्हणणे आणि ‘जू’ म्हणजे आपला ‘-ऊन’. म्हणजे चक्क ‘म्हणून’. आजच्या मंगोलमध्ये तोच शब्द ‘गेज’ होऊन राहिला आहे आणि ‘बात म्हणून एक माणूस’ हे ते आपल्यासारखंच बोलतात. इंग्रजीला ही माळ झेपत नाही. ती वाक्य तोडते, कर्ता पुढे आणते, ‘म्हणून’ गाळते. बहुतेक अनुवादक इथे इंग्रजीची बाजू घेतात. क्लीव्ह्ज मंगोलची घेतात. बोलण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ‘म्हणणे’ येत असेल तर ते दोन्ही ठेवतात. इंग्रजी वाचकाला ते अडखळल्यासारखं वाटतं. मला त्यात आजीच्या तोंडची गोष्ट ऐकू येते.

आणि चौकोनी कंस. इंग्रजीच्या व्याकरणाला ‘त्याचा’ लागतो, मंगोलमध्ये तो नसतो. क्लीव्ह्ज तो घालतात, पण कंसात. पानापानावर असे बारीक कंस पेरलेले आहेत. ओघ मोडतो, हे खरं. पण प्रत्येक कंस वाचकाला सांगतो की एवढा शब्द माझा, बाकीचं त्यांचं. मल्लिनाथाने टीका लिहिताना प्रतिज्ञा केली होती की मुळात नाही ते लिहिणार नाही आणि नको ते बोलणार नाही. क्लीव्ह्ज यांनी मल्लिनाथ वाचला असेल-नसेल, तो पीळ मात्र तोच. फक्त मल्लिनाथाची प्रतिज्ञा आपण विश्वासाने मान्य करतो. क्लीव्ह्ज यांचे कंस मोजून पाहता येतात.

या संयमाचं फळ कुठे मिळतं ते एका प्रसंगात पाहण्यासारखं आहे. बाप मेला आहे, टोळीने सोडून दिलं आहे, आई होएलून कंदमुळं खणून मुलांना जगवते आहे. तेमुजीन, म्हणजे पुढचा चंगीझ, आणि धाकटा खसार यांनी गळाला लावलेला एक चकचकीत मासा सावत्रभाऊ बेगतेर आणि बेलगुतेई हिसकावून घेतात. आदल्या वेळी त्यांनी असाच एक मारलेला पक्षी नेला होता. आई समजावते, हे ऐकत नाहीत. बेगतेर टेकाडावर बसून नऊ घोडे राखतो आहे. एक पुढून, एक मागून, बाण लावून दोघे भाऊ सरपटत जातात. त्याला दिसतं. तो पळत नाही. माझी चूल बुजवू नका, बेलगुतेईला सोडून देऊ नका, एवढं सांगतो आणि मांडी घालून वाट पाहतो. मग एक छोटं वाक्य. ते बाण मारून निघून जातात.

मूळ संहिता इथे काहीच रंगवत नाही. रक्त नाही, आक्रोश नाही, पश्चात्ताप तर नाहीच. साधा अनुवादक या जागी हळवा झाला असता, एखादं विशेषण चढवलं असतं. क्लीव्ह्ज यांचे कंस या जागी पहारेकऱ्यासारखे उभे आहेत. व्याकरणापलीकडचं ते काही आत येऊ देत नाहीत, त्यामुळे ‘मांडी घालून’ हे दोनच शब्द सगळा भार उचलतात. मरणाऱ्याची बैठक वाचकाला दिसते, त्याचा चेहरा दिसत नाही.

आणि लगेच त्याच्या उलट. मुलं घरात शिरतात. आईला त्यांची तोंडं बघूनच कळतं. मग होएलूनच्या जिभेचा पट्टा सुटतो. संहितेतलं कोरडं गद्य एकदम पद्याच्या लयीत जातं, ओळींच्या सुरुवातीला त्याच त्याच अक्षरांचे आवाज येतात, प्राण्यांमागून प्राणी येतात: स्वतःचीच वार चावणारा कुत्रा, खडकावर धडकणारा बिबट्या, आपल्याच सावलीवर झेपावणारा ससाणा. आई पूर्वजांच्या म्हणी काढते आणि मुलांना तासून काढते. खून एका वाक्यात आणि शिव्या पानभर, हा तोल त्या अनाम मंगोल लेखकाचा. भविष्यात अर्धं जग जिंकणाऱ्याचं पहिलं रक्त भावाचं आहे, हे राजघराण्याच्या स्वतःच्या इतिहासाने लपवलेलं नाही. ते आईच्या तोंडून वदवलं आहे. क्लीव्ह्ज यांनी हा तोल ढळू दिला नाही. जिथे मूळ गप्प आहे तिथे तेही गप्प राहिले आणि जिथे ते वाहतं तिथे त्यांनीही वाहू दिलं.

आता उणीवही सांगायला हवी, नाहीतर हे रसग्रहण न राहता आरती होईल. क्लीव्ह्ज यांनी निवडलेली इंग्रजी १६११ च्या बायबलच्या वळणाची आहे. आजच्या एखाद्या अनुवादकाने परभाषेतला जुना ग्रंथ थेट लीळाचरित्राच्या मराठीत आणावा, तसं. तर्क समजतो. तेराव्या शतकाचा ग्रंथ कालच्या वर्तमानपत्रासारखा वाचला जाऊ नये. शिवाय बायबलच्या अनुवादकांनीही पदरचे शब्द वेगळ्या टाइपात दाखवले होते, तेव्हा शैली आणि कंस दोन्ही एकाच घरचे. पण जुनेपण दोन जातींचं असतं. मंगोल मूळ जुनं आहे, पण ते जुनाट नाही. ते तंबूतल्या माणसांचं, घोड्यांच्या रंगांचं, भुकेचं बोलणं आहे. बायबलच्या इंग्रजीला चर्चमधल्या घंटेचा नाद आहे. होएलून कधी कधी व्यासपीठावरून बोलल्यासारखी वाटते ती त्यामुळे. दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, पॉल कान या कवीने क्लीव्ह्ज यांचाच अनुवाद पायाला धरून साध्या, मोकळ्या इंग्रजीत त्याचं रूपांतर केलं आणि सामान्य वाचक तिकडे गेला. ऑस्ट्रेलियात इगोर दे राखेविल्त्स १९७१ पासून आपला अनुवाद हप्त्याहप्त्याने छापत होते. २००४ मध्ये त्यांचे दोन भरगच्च खंड आले. त्यात अनुवादापेक्षा कितीतरी मोठं भाष्य आहे आणि आज अभ्यासक आधी तेच उघडतो.

‘पहिल्यांदाच’ हा शब्द नावाच्या पानावर कसा आला, तेही इथे कळतं. क्लीव्ह्ज यांचा अनुवाद १९५६ मध्ये पुरा झाला होता. १९५७ मध्ये त्याचे टाइपही जुळले होते. मग तो पंचवीस वर्षं तसाच पडून राहिला. वैयक्तिक कारणाने बाजूला ठेवला, एवढंच त्यांनी सांगितलं. विद्वानांत सांगितलं जातं ते कारण असं. हार्वर्डमध्ये विल्यम हुंग हे ज्येष्ठ चिनी इतिहासकार होते. चिनी ग्रंथांच्या सूची रचून त्यांनी एका पिढीची वाट सोपी केली होती. क्लीव्ह्ज त्यांना गुरुस्थानी मानत. १९५१ मध्ये हुंग यांनी ‘गुप्त इतिहास’ कसा हातोहात आला यावर मोठा लेख लिहिला आणि ग्रंथाचं साल १२६४ असल्याचं मांडलं. क्लीव्ह्ज यांना त्यांचे निष्कर्ष पटत नव्हते. छापायचं तर खोडून काढावं लागलं असतं. त्यांनी जीभ आवरली. हुंग १९८० मध्ये वारले आणि १९८२ मध्ये पुस्तक आलं.

या गोष्टीकडे दोन नजरांनी बघता येतं. चिनी परंपरेत आयुष्य घालवलेल्या माणसाने गुरूची आब राखली, ही एक नजर. आणि एका पिढीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून तो ग्रंथ मिळाला नाही, ही दुसरी. मला दोन्ही खऱ्या वाटतात. ज्याने मुळात नसलेला ‘त्याचा’ही कंसात घातला, त्याला उघड मतभेद छापणं जड गेलं असेल, हे स्वभावाला धरून आहे. पण कंसाचा गुण पानावर शोभतो. तोच गुण आयुष्यावर पसरला की वाचकाचा तोटा होतो.

बाकी आयुष्य त्याच शिस्तीचं. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, युद्धानंतर काही काळ चीनमध्ये. १९४६ मध्ये हार्वर्डला परतल्यावर १९८० मध्ये निवृत्त होईपर्यंत ते चिनी आणि मंगोल शिकवत राहिले, तेही एकदाही अभ्यासरजा न घेता. जोसेफ फ्लेचरसारखे इतिहासकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. न्यू हॅम्पशायरमधल्या गिलमंटन गावी त्यांचं शेत होतं. तिथे गाई होत्या, घोडे होते. घोड्यांच्या रंगांसाठी मंगोलमध्ये जेवढे शब्द आहेत तेवढे इंग्रजीत सापडत नाहीत. ते शब्द उतरवणारा माणूस स्वतः घोडे पाळत होता, याचं मला बरं वाटतं. १९९५ सालच्या शेवटच्या दिवशी ते गेले.

नावाच्या पानावरचं वचन राहिलंच. भाष्याचा दुसरा खंड कधी आला नाही. पहिल्या खंडाशेजारी ग्रंथालयाच्या फडताळात त्याची जागा नाही. पण हार्वर्डच्या त्या नियतकालिकाचे जुने अंक काढून बसलं, तर राजपुत्र हिंदूच्या शिळेखाली, शांतिदेवाच्या टीकेच्या तळाशी, अर्घूनच्या एका प्रत्ययाच्या कडेला टीपांमागून टीपा लागतात. ‘गुप्त इतिहासा’तला अमुक शब्द, त्याचं अमुक रूप, मोस्तार्त यांच्या ओर्दोस कोशात त्याचा अमुक अर्थ. चाळीस वर्षांत त्यांनी भाष्य लिहिलं होतं. ते एका पुठ्ठ्यात बांधायचं तेवढं राहिलं.